पाण्यावरची पांदण

काठावर उभं राहिलं की काकाजींचं बेट इतकं जवळ दिसतं, की तिथल्या दोरीवर वाळत घातलेल्या टॉवेलचा रंग सांगता येतो. डोंग्यात बसून सरळ निघालं तर दहा मिनिटांचं पाणी. आम्हाला पाऊण तास लागायचा. वारा पडलेला असो, पाणी संथ असो, माझी बायको घड्याळाकडे बघत बसलेली असो, पाऊण तास म्हणजे पाऊण तास.

मी गोंदियात कापडाचं दुकान चालवतो. टोकाला कात्री लावायची आणि एका हिसक्यात सरळ फाडायचं, हे माझं आयुष्यभराचं काम. वाकडं गेलेलं कापड मला बघवत नाही. अशा माणसानं काकाजींच्या डोंग्यात सात-आठ वेळा बसावं, याला माझा मूर्खपणा सोडून दुसरं कारण सापडत नाही. आणि घरात कोणी ते शोधायच्या भानगडीतही पडत नाही.

झालं असं, की दुकानात आलेल्या एका गिऱ्हाइकानं सांगितलं, अर्जुनीकडे जंगलाला लागून मोठं धरण आहे, त्यातल्या बेटावर एका म्हाताऱ्यानं मातीच्या चार खोल्या बांधल्या आहेत. वर कवेलू, समोर मोहाची झाडं, चारी बाजूंना पाणी. टीव्ही नाही, पंखा नाही, फोन लागत नाही. हे मी घरी कौतुकानं सांगितलं. त्यातलं 'फोन लागत नाही' एवढंच बायकोनं उचललं. म्हणाली, "चला. दोन दिवस तरी जेवताना तुमचं तोंड दिसेल."

पहिल्या खेपेला मला वाटलं, म्हातारा आम्हाला तलाव फिरवून दाखवतो आहे. डोंगा काठाकाठानं डावीकडे गेला, मग एकदम काटकोनात वळला, थोडा गेला, पुन्हा वळला. बेट आधी आमच्या उजव्या खांद्याशी होतं, मग पाठीमागे गेलं.

"काकाजी," मी म्हटलं, "बेट तर तिकडे राहिलं."

"हाय ना तिकडं."

"मग आपण इकडे काऊन जाऊन राहिलो?"

"पांदण इकडून हाय."

पांदण म्हणजे शेताशेतांमधून जाणारी बैलगाडीची वाट. मी आजूबाजूला पाहिलं. पाणी होतं. एका वाळक्या खोडावर एक पाणकावळा पंख पसरून बसला होता. पांदणीसारखं काही दिसत नव्हतं.

"कुठे आहे पांदण?"

"खाली," काकाजी म्हणाले, आणि लांब बांबू पाण्यात रुतवून त्यांनी डोंगा पुढे ढकलला.

मग हळूहळू उलगडा झाला. धरण झालं तेव्हा काकाजींचं गाव पाण्याखाली गेलं. सगळे उठून नव्या वस्तीत गेले. काकाजींची गुरं चारायची टेकडी तेवढी वर राहिली, म्हणून ते काकीजींना घेऊन टेकडीवर गेले. "पाणी वर आलं, मी बी वर आलो. जास्त दूर नाही गेलो," असं ते म्हणायचे. पाणी आलं हे त्यांना मान्य होतं. पण रस्ते रद्द झाले असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे बेटावरून काठावर यायचं तर घरासमोरून गल्लीनं, गल्लीतून पांदणीला, पांदणीनं गावाबाहेर, असंच यायचं. वर दोन पुरुष पाणी आहे ही किरकोळ गोष्ट होती.

"सरळ नेलं तर काय होईल?" मी विचारलं.

काकाजींनी बांबू थांबवला. मी जणू लोकांच्या उभ्या पिकात ढोरं घालायला सांगितलं होतं, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"लोकाच्या वावरातून? धान उभं असते, बाप्पा."

काकाजींचे पूर्वज माळव्यातून आलेले. आल्या पाहुण्याला ते ही हकिकत अभिमानानं ऐकवत. मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा माझ्या मनात एकच आलं, की हे लोक जर असेच धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे शेतांच्या बांधाबांधानं, कोणाच्या पिकाला पाय न लावता आले असतील, तर माळवा ते वैनगंगा एवढ्या अंतरात किती पिढ्या वाटेतच जन्मल्या असतील. हे मी बायकोच्या कानात सांगितलं. ती हसली नाही. ती तेव्हा काकाजींच्या बाजूची झाली होती, आणि अजून आहे.

नुसती वाट वाकडी असती तर मी सोसलं असतं. पण त्या वाटेला गावाचे सगळे रीतिरिवाज होते. एका ठिकाणी आलो की काकाजी डोंगा थांबवत, चपला काढत आणि पाण्याला हात जोडत. खाली मातेचं ठाणं होतं. पाहुण्यांनीही पायातलं काढायचं. मी पहिल्या खेपेला नव्या कोऱ्या लेसच्या बुटांत गेलो होतो, निसर्गात जायचं म्हणून मुद्दाम घेतलेल्या. हलत्या डोंग्यात वाकून त्या लेस सोडताना मी जवळजवळ मातेच्याच पायाशी गेलो असतो. पुढे बायकांचा घाट लागायचा. तिथं पुरुषांनी दुसरीकडे बघायचं. मी म्हटलं, "काकाजी, कोणी नाही तिथं." ते म्हणाले, "नाही म्हणूनच पाहून नाही राहिलो. असते त पाह्यलं असतं काय?" मी मान वळवून जंगलाकडे बघत बसलो.

बेटावरच्या चार खोल्यासुद्धा त्यांनी आपल्या मनानं बांधलेल्या नव्हत्या. बुडालेल्या गल्लीत जी चार घरं होती, त्याच क्रमानं त्या होत्या, आणि ज्याच्या त्याच्या नावानं ओळखल्या जायच्या. आम्हाला नेहमी दुसरी मिळायची. "या घरचे नवरा-बायको लय भांडत," काकाजी दार उघडताना सांगत. "गावभर ऐकू जाय. तुम्ही टेन्शन नोको घेऊ." मग रात्री माझी आणि बायकोची मच्छरदाणीवरून जरा शब्दाला शब्द लागला की सकाळी ते काकीजींना सांगत, "पाह्य, म्यां म्हटलं नव्हतं? त्या घराची हवाच तशी हाय."

चौथी खोली कायम बंद. काकीजी रोज ती उघडून झाडायच्या, पाण्याचा तांब्या भरून ठेवायच्या आणि पुन्हा कडी लावायच्या. एकदा डिसेंबरात बाकीच्या तिन्ही खोल्या भरल्या होत्या, नागपूरचं एक कुटुंब लेकराबाळांसह ओसरीवर थंडीत झोपलं, पण ती खोली उघडली नाही. मी काकीजींना विचारलं. लाखोरीची डाळ घोटता घोटता त्या म्हणाल्या, "माह्या देराची हाय. यांचा धाकला भाऊ."

"येतात का कधी?"

"बोलतच नाही दोघं, येतीन कायले?"

भांडण धुऱ्याचं होतं. दोघा भावांची वावरं लागून, मध्ये बांध. धाकट्यानं नांगरताना धुरा कोरला, असं काकाजींचं म्हणणं. किती? चार बोटं. दर साली चार बोटं की एकूण चार बोटं, हे मला कधी कळलं नाही. काकाजी बोलून गेले, "तुह्या वावरात पुन्हा पाय ठेवला त पाह्यजो." दोनच वर्षांनी पाणी आलं. धाकट्याचं वावर गेलं, थोरल्याचं गेलं, धुराही गेला, त्यातली चार बोटंही गेली. धाकटा गोंदियाजवळ मुर्रीला घर बांधून राहायला गेला. शपथ तेवढी पाण्यावर राहिली.

आणि आता ऐका. काठ आणि बेट यांच्या बरोबर मध्ये जे पाणी आहे, जे सरळ ओलांडलं तर दहा मिनिटं लागतात, ते या धाकट्या भावाच्या आठ बांध्यांवरचं, म्हणजे धानाच्या खाचरांवरचं पाणी. पांदण त्या वावराला तीन बाजूंनी वळसा घालून जायची. म्हणजे माझा दर खेपेचा पाऊण तास हा तीस वर्षांपूर्वीच्या चार बोटांपायी जात होता.

माझी मुलगी रेणू तलाठ्याच्या परीक्षेला बसत होती. दोनदा थोडक्यात हुकली होती. तिसऱ्या वेळी अभ्यास इतका, की जेवताना ताटात बोटानं काहीतरी लिहायची. एके दिवशी म्हणाली, "पप्पा, या वेळी नाही झालं तर मी दुकानात बसते." खरं तर दुकानात मला माणूस हवाच होता. पण ती ज्या आवाजात म्हणाली, तो आवाज मला दुकानात नको होता.

त्यावर मी उपाय काढला. परीक्षेच्या आदल्या दिवशी तिला बेटावर न्यायचं. झाडं, पाणी, शांतता, डोकं थंड होईल, दुसऱ्या दिवशी सकाळी निघून आरामात गोंदिया. बायको म्हणाली, "परीक्षेच्या आदल्या दिवशी कोणी बेटावर जातं का?" मी म्हटलं, "तुला मानसशास्त्र कळत नाही."

बेटावर काकाजींनी तिचं डोकं थंड होऊ दिलं नाही. तलाठी होणार म्हटल्यावर त्यांनी संध्याकाळभर तिची तोंडी परीक्षा घेतली.

"मले सांग, पाण्याखालचं वावर कोणाचं?"

"शासनाचं, काकाजी. संपादन झालं ना."

"पाणी सरकारचं हाय. वावर ज्याचं त्याचं. आता सांग, धुरा कोठी लिहिशीन?"

"सातबाऱ्यावर धुरा नाही लिहीत. क्षेत्र लिहितात. हद्द नकाशात असते."

"म्हणूनच भांडणं होतात," काकाजी म्हणाले आणि समाधानानं उठून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मोहाखाली बसून चहा पीत होतो. साडेनऊ झाले असतील. मी पाय लांब करून म्हटलं, "दोनची परीक्षा. दहाला निघालो तरी एकच्या आत पोहोचतो." रेणू हॉलतिकीट चाळत होती. ती चाळायची थांबली.

"पप्पा, हे तुम्ही नीट वाचलं होतं?"

"वाचलं ना. दोन वाजता."

"परीक्षा दोन वाजता. गेट साडेबाराला बंद होते."

मी ते हॉलतिकीट घरी तीनदा पाहिलं होतं. त्याची एक प्रत दुकानाच्या कपाटावर चिकटवलीही होती. त्यातली मोठी अक्षरं मी वाचली होती. बायकोनं चहाचे कप गोळा करायला घेतले. ती बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

काठापासून गोंदिया दोन तास. म्हणजे सव्वादहापर्यंत गाडीत बसायलाच हवं. पांदणीनं पाऊण तास. मी बॅग उचलून पळालो. काकाजी आधीच डोंग्याजवळ उभे होते आणि डोळ्यांवर हात धरून लांब बघत होते.

"पांदण बंद हाय," ते म्हणाले.

मला वाटलं मी ऐकण्यात चुकलो. पण खरंच, जिथं त्यांची पांदण वळते तिथं मासेमारांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत जाळं लावलं होतं. तरंगणारे डबे रांगेनं दिसत होते. "दुपारी काढतीन," काकाजी म्हणाले.

"काकाजी, सरळ चला."

"कसं जाऊ?"

"सरळ. समोर. ते बघा, ती आपली गाडी."

"म्यां शपथ घेतली हाय."

माझा तोल सुटला. मी कधी वडीलधाऱ्यांशी वर आवाज केलेला नाही. गिऱ्हाइकाशी तर नाहीच नाही. पण त्या दिवशी मी म्हटलं, "काकाजी, तिथं वावर नाही. तिथं पाणी आहे. तीस वर्षं झाली, पाणी आहे. माझ्या पोरीचं साल जाईल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. रेणूकडे पाहिलं. ती बॅग छातीशी धरून उभी होती, आणि रडत नव्हती, म्हणूनच बघवत नव्हतं.

"शपथ माह्यी हाय," काकाजी हळूच म्हणाले. "वावर त्याचं हाय. त्यानं हो म्हटलं त जाता येते. त्याले विचारा लागन."

"विचारा ना मग. फोन करा."

"नंबर कोठी हाय माह्यापाशी?"

तेव्हा मागून काकीजींचा आवाज आला. त्या हात पुसत उभ्या होत्या. त्यांनी दहाच्या दहा आकडे न अडखळता पाठ म्हणून दाखवले. काकाजींनी वळून बघितलं.

"तुले कसा मालूम?"

"दर आठवड्याले बोलतो आम्ही जावा जावा. भांडण तुमचं हाय. मी काऊन अबोला धरू?"

गेल्या तीस वर्षांत आपण काय काय ऐकलं नाही, याचा हिशेब काकाजींच्या चेहऱ्यावर सुरू झाला, पण त्याला वेळ नव्हता. बेटावर एकाच जागी फोन लागायचा. मोहाच्या बुंध्याशी एक उखळ उलटं घातलेलं होतं, त्यावर उभं राहिलं की एक रेघ यायची. पंचाहत्तरीच्या काकाजींना आम्ही दोन्ही बाजूंनी धरून उखळावर चढवलं. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून फोन स्पीकरवर लावला.

"कोण?" पलीकडून आवाज आला.

"मी."

फोनमधून नुसती खरखर आली. मला वाटलं रेघ गेली.

"बोल."

"तुह्या वावरातून जाऊ काय?"

"कोणत्या?"

"समोरच्या. आठ बांध्या."

"काऊन? पांदणीले काय झालं?"

मी कपाळावर हात मारून घेतला. तिकडे मुर्रीला सिमेंटच्या घरात बसलेल्या माणसालाही पांदणीचीच काळजी. दोघं एकाच आईची लेकरं, याबद्दल माझी खात्री पटली.

"जाळं लावलं हाय. पाहुण्याच्या पोरीची परीक्षा हाय. तलाठ्याची. टाइम नाही."

"तलाठ्याची?"

"हो."

"हुशार हाय काय?"

काकाजींनी रेणूकडे पाहिलं. "धुरा सातबाऱ्यावर नाही लिहीत म्हणते."

"मंग बरोबर सांगते," पलीकडचा म्हणाला. "जा. माह्यी हरकत नाही. सेंटर कोठी हाय पोरीचं?"

मी घाईनं सेंटर सांगितलं. काकाजी उखळावरून उतरायला लागले, तेवढ्यात फोनमधून पुन्हा आवाज आला.

"अन् दादा."

काकाजी एक पाय वर, एक खाली, तसेच थांबले.

"काय?"

"खालच्या बांधीत विहीर हाय. तिच्यावरून नोको नेजो. पोरगी हाय संग."

डोंगा सुटला. माझ्या मनात, आता दहा मिनिटं. पण पाच-पंचवीस हात गेल्यावर काकाजींनी चपला काढल्या, बांबू उचलून डोंग्यात आडवा ठेवला आणि हातभर लांबीचं वल्हं काढलं.

"बांबू काऊन ठेवला?"

"लोकाच्या वावरात बांबू रुतवतात काय?"

त्या छोट्याशा वल्ह्यानं डोंगा गोगलगाईसारखा चालायला लागला. काकीजींनी वाटेत खायला म्हणून परातीत बांधून दिलेल्या पुऱ्या बायकोनं मांडीवर घेतल्या, आणि त्या परातीनं मी पाणी मारत सुटलो. बायको हातानं, रेणू परीक्षेच्या पॅडनं. मध्येच एका ठिकाणी काकाजींनी डोंगा डावीकडे घेतला. कोणी विचारलं नाही. विहीर असणार.

काठावर आलो तेव्हा दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. मी कपडे ओले असताना गाडी कशी चालवली ते सांगत नाही. गेट बंद व्हायला चार मिनिटं राहिली होती तेव्हा रेणू आत गेली. जाताना तिनं वळून पाहिलं आणि हसली. तिच्या एका हातात अजून पुरी होती.

मी गेटबाहेर कठड्यावर बसलो. थोड्या वेळानं एक म्हातारा जुनी मोपेड ओढत माझ्यासमोर येऊन थांबला. काकाजींचाच रुंद कपाळपट्टीचा चेहरा, फक्त दाढी केलेला.

"तुम्ही माह्या वावरातून आले काय?"

"हो."

"पोरगी गेली आत?"

"गेली."

त्यांनी मोपेड स्टँडवर लावली आणि माझ्या शेजारी बसले. मग विचारलं, "धुरा दिसला काय?"

"काका, पाणी आहे तिथं."

"थे मालूम हाय," ते म्हणाले. "दिसला काय, ते विचारून राहिलो."

रेणूचं नाव यादीत आलं. देवरीकडे नेमणूक झाली. मे महिन्यात आम्ही पेढे घेऊन बेटावर निघालो, तेव्हा मुर्रीहून धाकट्या काकांनाही गाडीत घेतलं. ही कल्पना काकीजींची होती, फोनवरून आलेली. काठावर काकाजी डोंगा घेऊन उभे होते. मला वाटलं होतं, आता गळ्यात पडतील, रडतील, काहीतरी होईल.

"आला काय," काकाजी म्हणाले.

"आलो."

एवढंच. मी मात्र खुशीत होतो. वावराचा मालक डोंग्यात बसला होता, आता पाऊण तास कसला? मी म्हटलं, "काकाजी, आता सरळ चला. परवानगी तर मिळालीच आहे."

"थे त्या दिवसाची होती," काकाजी म्हणाले. "परीक्षा रोज असते काय?"

मी आशेनं धाकट्याकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. "बरोबर हाय. आधी धुरा पाहू."

उन्हाळ्यात पाणी उतरून छातीभर राहिलं होतं. दोघांनी डोंगा पांदणीनं धुऱ्याच्या जागेवर नेला आणि ते बांबूनं तळ टोचायला लागले. डोक्यावर मे महिन्याचं ऊन. हा धुरा. नाही, हा तुह्या बांधीतला गोटा. हा पाह्य. हा त खड्डा हाय. बायको पदर डोक्यावर घेऊन बसली. पेढे वितळायला लागले. तासाभरानं दोघांनी बांबू रेणूच्या हातात दिला.

"तू सांग. तलाठी हायेस."

"काकाजी, मोजणी माझ्याकडे नाही. ती भूमापकाकडे असते."

"तू फक्त धर बांबू."

रेणूनं धरला. इकडे तिकडे टोचून पाहिलं. मग म्हणाली, "इथं टणक लागते. लांबपर्यंत."

काकाजींनी आपल्या हातानं बांबू चाचपला, मग धाकट्यानं.

"बराबर जागेवर हाय," काकाजी शेवटी म्हणाले. "कोरला नव्हता तुनं."

"कोरला होता," धाकटा म्हणाला. "तीन-चार बोटं कोरला होता. माह्याकडचं घे तू."

"राहू दे. काय करू घेऊन?"

"तुह्यं थे तुह्यं. घे म्हणतो ना."

आता भांडण उलट्या बाजूनं सुरू झालं. ते आणखी अर्धा तास चाललं. काकीजींना परत द्यायला आणलेली परात डोक्यावर धरून मी ऐकत बसलो. त्या संध्याकाळी चौथी खोली उघडली, आणि ओसरीवरून दोन म्हाताऱ्यांचं बोलणं इतका वेळ ऐकू येत राहिलं, की शांततेसाठी आलेल्या एका पाहुण्यानं तक्रार केली.

काकाजी आता बेटावर नसतात. गुडघे गेले. ते आणि काकीजी मुर्रीला धाकट्याकडे राहतात. खोल्या बंद असतात, पण किल्ली माझ्याकडे दिली आहे. "जात जा. घर उघडं राह्यलं पायजे," असं म्हणाले. मागच्या हिवाळ्यात पुण्याहून माझा मेहुणा आला होता, त्याला घेऊन गेलो. बांबू मी धरला. काठावर चिटपाखरू नव्हतं. बेटावरही कोणी नव्हतं. समोर दहा मिनिटांचं पाणी होतं, स्वच्छ, मोकळं. सात-आठ वेळा जे करायचं मनात होतं, ते करायला मला आता कोणाची परवानगी लागत नव्हती.

डोंगा डावीकडे वळला तसा मेहुणा म्हणाला, "दाजी, बेट तर समोर आहे."

"आहे ना."

"मग आपण इकडे का चाललोय?"

मी त्याच्या पायांकडे पाहिलं. नवे कोरे, लेसचे, निसर्गात जायचं म्हणून मुद्दाम घेतलेले.

"लेस आत्तापासूनच सोडायला घे," मी म्हटलं. "पुढे माता लागते."